दुतोंड्या मारुती आणि घरच्या सर्व्हरची भरलेली डिस्क

रविवारी दुपारी आईने हाक मारली, "अरे, मामाच्या लग्नाची कॅसेट लागत नाहीये, नुसतं गोल गोल फिरतंय." कॅसेट म्हणजे आता खरी कॅसेट नाही, जुनी व्हीएचएस मी मागे कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीये, पण घरात तिचं नाव अजून कॅसेटच. मी आतूनच ओरडलो, टीव्ही बंद करून चालू कर. केला तिने, तरी तेच. गंमत म्हणजे बाकीचे सिनेमे मस्त चालत होते, फक्त अर्धवट सोडलेला कुठलाही सिनेमा परत लावला की पहिल्यापासून सुरू, म्हणजे कुठपर्यंत बघितलं होतं ते सर्व्हर विसरूनच गेलेला.

या दोन तक्रारी जोडीने आल्या तर सरळ डिस्क बघायची, हे मला आता कळतं. तेव्हा अर्धा तास मी वायफायच्या राऊटरशी भांडत बसलो होतो.

आमचा सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही हो. नाशिकच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या कपाटात खाली ठेवलेला सेकंडहँड डेस्कटॉप, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आणि त्यात जेलीफिन. जेलीफिन म्हणजे आपल्याच डिस्कवरचे व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर, मोबाईलवर दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला कोड लोकांसाठी बंद केला तेव्हा २०१८च्या डिसेंबरात त्यातून फुटून निघालेलं. डिस्क तीन: सिस्टिमसाठी २४० जीबीची एसएसडी, सिनेमांसाठी ४ टीबीची, आणि एक जुनी १ टीबीची, तिच्यावर सगळ्यांच्या फोनमधले फोटो येऊन पडतात. जेलीफिन थेट बसवलंय, फोटोंची दोन सॉफ्टवेअर मात्र डॉकरच्या कंटेनरमध्ये आहेत, म्हणजे डॉकर हा प्रोग्रॅम प्रत्येकाला आपापल्या बंद डब्यात चालवतो, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे. आणि खाली कमांड मी तोंडाने म्हणतो तशाच लिहिल्यात, टर्मिनलवर टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

आता आधी हे सांगतो की डिस्क भरल्यावर कॅसेटच का अडते आणि बाकीचे सिनेमे का नाही. टीव्हीला एखादी फाईल जशी आहे तशी वाचता येत असेल तर सर्व्हर ती नुसती उचलून देतो, त्याला एसएसडीवर जागाच लागत नाही. पण कॅसेटवरून उतरवलेली जुन्या पद्धतीची एव्हीआय फाईल आमच्या टीव्हीला कळत नाही, मग जेलीफिन ती चालता चालता टीव्हीला कळेल अशा रूपात बदलतं, याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि हे बदललेले तुकडे तात्पुरते एसएसडीवर ठेवावे लागतात. जागाच नाही म्हणल्यावर तुकडे ठेवणार कुठे? मग गोल गोल. आणि कुठपर्यंत बघितलं ही नोंद एका छोट्या डेटाबेसमध्ये जाते, तोही एसएसडीवरच, त्यातही लिहिता येईना. सिनेमांच्या डिस्कवर तेव्हा दीड टीबी जागा मोकळी होती बरं का! मोकळ्या जागेचा आकडा बघून मी निवांत होतो, पण तो दुसऱ्याच डिस्कचा होता.

नाशिककरांना हे समजवायला सोपं आहे. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की आपण क्युसेक बिक्युसेक बघत नाही, विचारतो की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, गुडघ्याला की कमरेला की छातीला. सर्व्हरवरचा दुतोंड्या मारुती म्हणजे डीएफ ही कमांड, पुढे डॅश एच लावायचं म्हणजे आकडे माणसाला वाचता येतील असे येतात. प्रत्येक डिस्कची एक ओळ येते: एकूण किती, वापरलेली किती, उरलेली किती, टक्के किती. माझ्या एसएसडीच्या ओळीत होतं: एकूण २१९, वापरलेली २१३, उरलेली ०, १०० टक्के.

इथे जरा थांबू कारण या एका ओळीत दोन कोडी आहेत आणि दोन्हींवर लोक हमखास अडतात. पहिलं, २४० जीबीची डिस्क घेतली तर २१९च का दिसते? डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, डीएफ धरते १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटींच्या पुढे, त्यामुळे मापच मोठं आणि आकडा लहान. २४०चे तिथेच २२३ झाले, बाकीचे थोडे डिस्कचे भाग पाडण्यात आणि फाईल सिस्टिमच्या, म्हणजे कुठली फाईल कुठे ठेवलीये ते सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, स्वतःच्या हिशोबात गेले. दुकानदाराने फसवलं नाही, ४ टीबीवालीपण ३.६च दिसते.

दुसरं कोडं जास्त मजेचं. २१९ मधून २१३ गेले तर ६ उरायला हवेत, मग शून्य कसे? तर लिनक्सची नेहमीची फाईल सिस्टिम, ईएक्सटी४, ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मालकासाठी, राखून ठेवते. धरणात पिण्याचं पाणी राखीव असतं ना, सिंचनाला कितीही ओरड झाली तरी ते सोडत नाहीत, तसंच, डिस्क भरली तरी मालकाला आत येऊन साफसफाई करता आली पाहिजे म्हणून. माझ्याकडे ती राखीव जागा साधारण ११ जीबी. म्हणजे बाकीच्यांसाठी डिस्क २०८ लाच भरली होती. मग २१३ कसे झाले? कोणीतरी रूटच्या अधिकाराने राखीव पाण्यातूनही पिणं चालू ठेवलं होतं. आणि आमच्या घरात रूट म्हणून चोवीस तास काम करणारा एकच मोठा प्राणी आहे, तो म्हणजे डॉकर. हा हिशोब मी तेव्हा केला नाही, नंतर चहा पिताना केला, पण नुसत्या एका ओळीवरून चोर सापडला असता.

जाता जाता, सिनेमांच्या डिस्कवर ही ५ टक्के राखीव जागा उगाच जाते, ४ टीबीवर जवळपास २०० जीबी. तिथे ट्यून२एफएस ही कमांड डॅश एम १ देऊन चालवली की राखीव १ टक्क्यावर येते, डेटाला धक्का लागत नाही. सिस्टिमच्या डिस्कवर मात्र हे करू नका, तिथला राखीव साठा खरंच कामाला येतो.

डीएफ फक्त पाणी कुठपर्यंत आलं ते सांगते, कुठल्या ओढ्यातून आलं ते सांगत नाही. त्यासाठी कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी डीयू, किंवा त्याची चांगली बहीण एनसीडीयू, हिच्यात फोल्डर आकाराप्रमाणे मोठ्यापासून लहानापर्यंत लागतात आणि बाणाच्या बटणांनी आत आत जाता येतं. डॅश एक्स लावायला विसरू नका, नाहीतर ती सिनेमांच्या डिस्कवरपण फिरत बसते आणि तोपर्यंत तुमची मिसळ खाऊन होईल. मी सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, एनसीडीयू चालवली, सगळ्यात वर वार नावाचं फोल्डर, त्यात लिब, त्यात डॉकर, त्यात कंटेनर्स, त्यात एक लांबलचक आकड्याअक्षरांचं फोल्डर आणि त्यात एकच फाईल, शेवटी जेसन डॉट लॉग. आकार १०९ जीबी. एक टेक्स्ट फाईल!! माझ्याकडचा एकही सिनेमा याच्या जवळपास नाही, सेकंदाला ८ मेगाबिटच्या वेगाने बनवलेला चांगला फुल एचडी सिनेमा तासाला ३.६ जीबी घेतो, म्हणजे या फाईलच्या जागेत तीस-एक तासांचे सिनेमे बसले असते.

लॉग म्हणजे काय तर सॉफ्टवेअरची रोजनिशी. अमुक वाजता सुरू झालो, अमुक फाईल उघडली, तमुक फाईल सापडली नाही. सगळं ठीक असेल तर दिवसाला काही केबी, फार तर काही एमबी. मग १०९ जीबी कधी होतात? एकच ओळ, तीच तीच, न थकता कोणीतरी लिहीत बसलं की.

आता माझा हात डिलीटवर होता, खोटं कशाला बोलू. गेल्या वर्षी मी हेच केलं होतं, फुगलेली फाईल दिसली की उडव. या वेळी कंटेनर आधी बंद केला आणि टेल कमांडने त्या फाईलच्या शेवटच्या वीस ओळी बघितल्या. वीसच्या वीस सारख्या. वेळेचा आकडा तेवढा बदलत होता, तोही सेकंदाच्या बारीकशा भागाने. अर्थ एवढाच की फोटोंच्या डिस्कवरचं अमुक फोल्डर सापडत नाही, परत बघतो. सापडत नाही, परत बघतो. साधारण २५० बाइटची एक ओळ, सेकंदाला तीनशे वेळा. गुणाकार करा, दिवसाला साडेसहा जीबी होतात. मग हेड कमांडने फाईलच्या सुरुवातीला गेलो आणि खाली सरकत सरकत ही ओळ पहिल्यांदा कधी आली ते शोधलं, तर अठरा दिवसांपूर्वी संध्याकाळी पावणेसातला.

अठरा दिवसांपूर्वी संध्याकाळी काय झालं होतं ते आईलाच आठवलं, "वळवाचा पाऊस नाही का आला, लाईट दोनदा गेली, गॅलरीतले कपडे भिजले." बरोबर. लाईट आली, कॉम्प्युटर आपोआप चालू झाला, सिनेमांची डिस्क चालू झाली, पण फोटोंच्या जुन्या डिस्कचा अ‍ॅडॉप्टर त्या झटक्यात गेला होता आणि ती डिस्क उठलीच नाही. मी सेटिंगमध्ये तिच्यापुढे नोफेल लिहून ठेवलेलं, म्हणजे ही डिस्क नसली तरी अडून बसू नको, पुढे चल. सर्व्हर शहाण्यासारखा पुढे गेला. आणि अठरा दिवस आमच्या घरातल्या एकाही फोटोचा बॅकअप जिथे जायला हवा तिथे जात नव्हता, आणि हे जगात फक्त त्या लॉगला माहीत होतं, तो सेकंदाला तीनशे वेळा ओरडून सांगत होता. मी नुसती फाईल उडवली असती तर पंधरा-वीस दिवसांत डिस्क परत भरली असती आणि मी परत तिला उडवली असती.

आता उडवायची कशी, यातपण एक मेख आहे. गेल्या वर्षी मी आरएम या पुसायच्या कमांडने मोठी लॉग फाईल उडवली, फोल्डरमधून गेली, डीयूला दिसेना, पण डीएफ १०० टक्क्यांवरच. मला वाटलं कमांड बिघडली. झालं असं होतं की ज्या प्रोग्रॅमने ती फाईल उघडून धरली होती तो चालूच होता. लिनक्समध्ये आरएमने फाईलचं नाव पुसलं जातं, जागा तेव्हाच मोकळी होते जेव्हा ती धरून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम ती सोडतो. दारावरची पाटी काढली पण भाडेकरू आत स्वयंपाक करतोय. असे भाडेकरू बघायला एलएसओएफ प्लस एल१ अशी कमांड आहे, आणि उपाय म्हणजे तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करणे. साध्या लॉगसाठी आरएम न करता ट्रंकेट डॅश एस ० करावं, फाईल राहते, आतला मजकूर शून्य होतो, जागा लगेच सुटते. डॉकरच्या स्वतःच्या लॉग फाईलना मात्र बाहेरून हात न लावलेला बरा, तिथे कंटेनर काढून टाकून नव्याने बनवला की त्याच्याबरोबर त्याचा लॉगही जातो. कंटेनर कसा बनवायचा ते लिहिलेली कंपोज फाईल असेल तर हे एका ओळीचं काम आहे आणि फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असल्यामुळे त्यांना काही होत नाही.

पुढचा प्रश्न, हे परत होऊ नये म्हणून काय. डॉकर जी नेहमीची पद्धत वापरतो, जेसन फाईल नावाची, तिला मुळात मर्यादाच नाही, तुम्ही सांगितली नाही तर ती डिस्क संपेपर्यंत लिहिते. का असं ठेवलंय देव जाणे, घरगुती सर्व्हरची निम्मी रडगाणी यातूनच येत असतील असं मला वाटतं. डीमन डॉट जेसन या सेटिंग फाईलमध्ये मॅक्स साइझ १० एमबी आणि मॅक्स फाईल ३ टाकलं की प्रत्येक कंटेनरचा लॉग ३० एमबीच्या पुढे जात नाही, सगळ्यात जुनी फाईल पुसून नवी सुरू होते. किंवा लोकल नावाची दुसरी पद्धत निवडा, ती काही न सांगता २० एमबीच्या पाच फाईलवर थांबते. पण इथे बरेच जण फसतात, मीपण फसलो: ही सेटिंग बदलून डॉकर रीस्टार्ट केला तरी आधीपासून असलेल्या कंटेनरना ती लागत नाही, फक्त नवीन बनणाऱ्यांना लागते. म्हणजे सगळे कंटेनर एकदा काढून परत बनवा.

उबुंटूच्या स्वतःच्या लॉगची सोय बऱ्यापैकी असते. एक जर्नल असतं, ते डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत आणि कितीही मोठी डिस्क असली तरी ४ जीबीपर्यंतच वाढतं. मला ४पण जास्त वाटतात म्हणून जर्नलडीच्या सेटिंगमध्ये सिस्टिम मॅक्स यूज ५०० एमबी केलंय, आणि आत्ताच्या आत्ता कमी करायचं तर जर्नलसीटीएलला व्हॅक्युम साइझ देता येतो. दुसरे वार-लॉगमधले साधे लॉग, त्यांच्यासाठी लॉगरोटेट असतं. गंगापूर धरणातून विसर्ग करतात ना, धरण काठोकाठ भरायची वाट न बघता थोडं थोडं सोडत राहायचं, तसं हे आठवड्याला चालू फाईल बाजूला करतं, जुन्या फाईल दाबून लहान करतं, चार आठवड्यांपेक्षा जुन्या फेकून देतं. फक्त एक ध्यानात घ्या, लॉगरोटेट स्वतः दिवसातून एकदाच उठतं. तुम्ही मॅक्ससाइझ १०० एमबी लिहिलं तरी ते उठेपर्यंत फाईल ६ जीबी होऊ शकते, पाऊस सकाळी आणि दरवाजे रात्री उघडले तर जे होईल ते होईल. फार बडबडा प्रोग्रॅम असेल तर ते तासाला उठेल असं करून ठेवा.

जेलीफिनचे लॉग तीन दिवसांनी आपोआप पुसले जातात, त्याची काळजी नाही, फक्त कधी काही शोधायला डीबग मोड, म्हणजे सगळं बारीकसारीक लिहिणारा, लावला असेल तर नंतर आठवणीने काढा. त्याचं ट्रान्सकोडिंगचं फोल्डर मात्र अधूनमधून बघावं, सिनेमा चालू असताना लाईट गेली की अर्धे तुकडे तिथेच पडून राहतात, ते झाडायचं काम शेड्यूल्ड टास्कमध्ये असतं, ते चालू आहे ना एवढं बघा.

एवढं सगळं झालं, एमजी रोडवरून नवा अ‍ॅडॉप्टर आणला, फोटोंची डिस्क सुरू झाली, कॅसेट लागली, मामाच्या डोक्यावर अक्षता पडल्या, आई खूश. आणि मी डीएफ बघितलं तर हिशोब लागेना. डीयू म्हणतं ९० जीबी, डीएफ म्हणते १०४. एलएसओएफ बघितलं, कोणी भाडेकरू नाही. १४ जीबी गेले कुठे?

हे कोडं सुटायला मला रात्रीचे साडेअकरा झाले. लिनक्समध्ये डिस्क जोडतात ती एका रिकाम्या फोल्डरवर. डिस्क जोडली की त्या फोल्डरमध्ये डिस्क दिसते, नसेल तेव्हा ते एसएसडीवरचं साधं फोल्डर असतं. अठरा दिवस डिस्क नव्हती, पण फोनमधून फोटो आणणारा दुसरा कंटेनर बिचारा काम करतच होता, त्याला ते साधं फोल्डर मिळालं, त्यात त्याने फोटो टाकले, एसएसडीवर. मग डिस्क परत जोडली आणि ती त्या फोल्डरवर सतरंजीसारखी अंथरली गेली, खालचे १४ जीबी तिच्याखाली. दिसत नाहीत, पण जागा अडवून आहेत. सतरंजी न उचलता खाली बघायचं तर माऊंटला डॅश डॅश बाइंड देऊन सगळी रूट डिस्क दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर जोडायची, तिथून आत गेलं की खालचं दिसतं. दिसले, सगळे फोटो होते, आत्याच्या नातीच्या बारशाचे पूर्णच्या पूर्ण. ते हलवले योग्य जागी, एकूण एक मोजून.

आता त्या रिकाम्या फोल्डरला, डिस्क काढलेली असताना, सीएचएटीटीआर प्लस आय करून ठेवलंय. याने फोल्डर गोठतं, रूटलासुद्धा त्यात काही लिहिता येत नाही, डिस्क जोडली की मात्र डिस्कवर नेहमीसारखं लिहिता येतं. डिस्क परत कधी पडली तर फोटोंचा कंटेनर गपचूप भलतीकडे न लिहिता लगेच रडेल, आणि रडलेलं मला कळेल, कारण तासाला चालणारी एक छोटी स्क्रिप्ट आता दोन गोष्टी बघते, तिन्ही डिस्क जोडलेल्या आहेत का, आणि कुठलीही ८५ टक्क्यांच्या वर गेलीये का. काही खटकलं तर फोनवर टेलिग्रामचा मेसेज येतो. मेसेजचा मजकूर मी "कमरेपर्यंत पाणी" असा ठेवलाय, आत्या पंचवटीत राहते, तिला फार आवडला.

तो मेसेज एकदा येऊन पण गेला, मागच्याच आठवड्यात, आणि चूक माझीच. जेलीफिनमध्ये १०.९ पासून ट्रिकप्ले म्हणून एक सोय आलीये, सिनेमा पुढे सरकवताना छोटी छोटी चित्रं दिसतात, त्यासाठी ते दर दहा सेकंदाला एक चित्र काढून ठेवतं, दोन तासांच्या सिनेमाची ७२० चित्रं, आणि मी हौसेने सगळ्या लायब्ररीला लावून झोपलो होतो.